साबणाच्या पाण्यात पडलेला फोन आणि तांदळाचा डबा

बी-६०२, सकाळी ७.४०
सर्वांना नमस्कार. आज पहाटे पाणी भरताना सासूबाईंचा फोन साबणाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत पडला आणि दोन-तीन मिनिटांनी आमच्या लक्षात आले. फोन चालू आहे, मात्र चार्जर लावताच पडद्यावर थेंबाचे चिन्ह येते. सध्या तो तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. त्यात माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या आवाजातील संदेश आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. कृपया जाणकारांनी लवकर सांगावे.

ए-३०४, सकाळी ७.४८
वहिनी, फोन तांदळातून बाहेर काढा आणि चालू असला तरी आत्ताच बंद करा. चार्जर पुन्हा लावू नका. मोबाईल दुरुस्तीच्या कामात माझी अठरा वर्षे गेली आहेत आणि नुसत्या पाण्यापेक्षा पाणी असताना वाहणाऱ्या विजेने मेलेले बोर्ड, म्हणजे फोनमधील सर्व चिप ज्यावर बसवलेल्या असतात त्या पट्ट्या, मी कितीतरी जास्त पाहिले आहेत. बॅटरी जेमतेम चार व्होल्टची असते, परंतु बोर्डावरचे बिंदू एकमेकांपासून मिलीमीटरपेक्षाही कमी अंतरावर असतात. त्यांच्यामध्ये क्षारयुक्त पाणी आले की तांबे विरघळू लागते, शेजारी जाऊन साचते आणि आज उत्तम चालणारा फोन चौथ्या दिवशी अचानक बंद पडतो. साबणाचे पाणी साध्या पाण्याहून वाईट, कारण त्यातून वीज अधिक सहज वाहते आणि ते बारीक फटींतूनही आत शिरते.

तांदूळ बोर्डावरील चिपवर बसवलेल्या धातूच्या झाकणांखाली अडकलेले पाणी ओढून घेत नाही. उलट त्याची भुकटी चार्जिंगच्या खाचेत जाते. ॲपलने तर २०२४ मध्ये आयफोन तांदळात ठेवू नका असे स्पष्टच सांगितले. हेअर ड्रायरही नको आणि खाचेत कापसाची काडीही घालू नका. सिमचा ट्रे काढून ठेवा, चार्जिंगची बाजू खाली धरून फोन तळहातावर हलकेच आपटा आणि पंख्यासमोर उभा ठेवा.

बी-६०२, सकाळी ७.५६
दादा, फोन बंद केला आहे. ट्रेच्या खाचेत आत एक बारीक पट्टी गुलाबी दिसते आहे. पण तो चालू होता तोवरच संदेश दुसरीकडे पाठवून घेतले असते तर बरे झाले नसते का?

ए-३०४, सकाळी ८.०५
ती पट्टी मुळात पांढरी असते. पाणी लागले की रंग बदलते, म्हणजे पाणी आत गेले आहे. तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि मलाही दरवेळी तो मोह होतो. तरीही माझा सल्ला नाही असाच आहे, कारण बॅकअप घेताना पडदा, वाय-फाय आणि प्रोसेसर एकाच वेळी चालतात आणि नेमक्या त्या अर्ध्या तासात बोर्ड शॉर्ट झाला तर सारेच हातचे जाते. आजच्या फोनमधील माहिती कुलूपबंद असते आणि तिची किल्ली प्रोसेसरमध्ये असते. त्यामुळे मेमरीची चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवली की माहिती मिळेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. संदेश हवे असतील तर हाच बोर्ड जिवंत राहिला पाहिजे.

सी-१०१, सकाळी ८.२०
२६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला त्या दिवशी, मी कुर्ल्याहून कमरेएवढ्या पाण्यातून घरी आलो होतो. भिजलेला फोन दोन दिवस वाळवला आणि तो पुढे तीन वर्षे चालला. आताचे फोन तर वॉटरप्रूफ म्हणून विकले जातात, मग एवढी चिंता का करावी?

ए-३०४, सकाळी ८.३१
काका, त्या फोनची बॅटरी तुम्ही नखाने काढून बाजूला ठेवू शकलात, म्हणून तो वाचला. आता बॅटरी आत चिकटवलेली असते आणि फोन बंद केला तरी बोर्डाच्या काही भागाला वीज मिळतच राहते. वॉटरप्रूफ म्हणून फोनवर लिहिलेला आयपी ६७ हा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटे, पण ती चाचणी नव्या फोनची आणि स्वच्छ पाण्यातली असते. साबण किंवा मरीन ड्राइव्हवर उडालेले खारे पाणी तिच्यात धरलेले नाही. पडदा एकदा बदलला असेल तर कडेचे सीलही पूर्वीसारखे राहत नाही.

वहिनी, अकरा वाजता मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायला निघणार आहे. फोन माझ्याकडे द्या. प्रथम बॅटरीचा कनेक्टर सोडवून नंतर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने वॉश करावा लागेल. दुसरीकडे नेणार असाल, तर माहिती हवी आहे, सॉफ्टवेअर मारू नका (म्हणजे नव्याने टाकू नका, त्यात माहिती पुसली जाते) आणि बोर्ड बदलू नका, एवढे लिहून घ्या. वॉरंटीत पाण्याचे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यामुळे तिच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

बी-६०२, रात्री ९.१५
दादांनी फोन उघडल्यावरचे छायाचित्र मला पाठवले. चार्जिंगच्या आयसीजवळ (चिपजवळ) मोहरीच्या दाण्याएवढा हिरवट थर सकाळपासूनच्या काही तासांतच धरला होता. बोर्ड वॉश करून वाळवल्यावर फोन सुरू झाला आणि दादांनी सर्वात आधी संदेश पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. स्पीकर मात्र गेला आहे, तो उद्या बदलायचा आहे. संदेश आम्ही माझ्या फोनवर लावले. सासूबाई अजून ऐकत बसल्या आहेत.

ए-३०४, रात्री ९.२२
वहिनी, पुढचे आठ-दहा दिवस मागचे झाकण फुगलेले दिसते का, एवढे पाहत राहा. दिसल्यास चार्ज करू नका आणि बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. मला हाक मारा, मी घेऊन जाईन.