लुआ या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक फंक्शनला ‘लोकल’ लावायचंच का?

घाटकोपरकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘लुआत फंक्शनपुढे लोकल लावणं म्हणजे नुसतं सोवळं. चालतंय ना, मग चालू द्या.’ डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. लोकल लावलं की ते नाव त्या फाइलीपुरतं किंवा तिच्यातल्या भागापुरतं राहतं; नाही लावलं तर ग्लोबल, म्हणजे सगळ्या फाइलींचं सामायिक. अंधेरीला एका गेमवर काम करत होतो. माझ्या फाइलीत ‘रीसेट’, सहकाऱ्याच्या फाइलीतही ‘रीसेट’, दोन्ही ग्लोबल. त्याची फाइल नंतर लोड व्हायची आणि माझं फंक्शन पुसलं जायचं. एरर नाही, काही नाही. खेळाडू मेला की स्कोअर तसाच, आवाज मात्र बंद! तीन दिवस गेले, दोनदा शेवटची कर्जत चुकली. एक शब्द लिहायला इतकं जड जातं?

रात्रपाळी: ते मीच लिहिलं होतं, तीस ओळींच्या स्क्रिप्टबद्दल. आणि लोकल लावून सगळं सुटत नाही. खाली लिहिलेलं लोकल फंक्शन वरच्या फंक्शनला दिसत नाही, निल, म्हणजे ‘काहीच नाही’, हाती येतं. ग्लोबलला ही कटकट नाही.

पार्लेकर: मग फंक्शनचं नाव ‘चेक’ असेल तर वर ‘लोकल चेक’ एवढंच लिहा आणि खाली ‘फंक्शन चेक’. खाली पुन्हा लोकल लावलंत तर नवाच व्हेरिएबल होतो, वरचा निलच राहतो. नवी मुलं इथेच अडकतात. शिवाय लोकल रजिस्टरमध्ये, म्हणजे हाताशीच असतो, ग्लोबल दर वेळी टेबलात, म्हणजे नावांच्या साठ्यात शोधावा लागतो; म्हणून लोकल जलद.

रात्रपाळी: माझी स्क्रिप्ट डेटाबेसची वाट बघत बसते. वेगाचं मला सांगू नका.

ठाणेवाला: दोष भाषेचाच. १९९३ मध्ये रिओत बनली तेव्हापासून न सांगितलेलं सगळं ग्लोबल. वर इंडेक्स, म्हणजे यादीतला क्रमांक, एकपासून!

पार्लेकर: इंडेक्सचा इथे काय संबंध?

ठाणेवाला: आहे संबंध! मी सी भाषेतून आलो, तिथे मोजणी शून्यापासून. पहिला ग्राहक शून्यावर ठेवला, यादी एकपासून वाचणाऱ्या आयपेअर्सने तो वगळला, त्याला बिलच गेलं नाही. बोलणी मी खाल्ली.

रात्रपाळी: शाळेत रोल नंबर शून्य कुणाचा होता? माणूस एकपासूनच मोजतो.

ठाणेवाला: शाळेचं शाळेत ठेवा. पगार माझा कापला गेला, तुमचा नाही.

घाटकोपरकर: इंडेक्सचा वेगळा धागा काढा, हात जोडतो. रात्रपाळी, रेडिस या डेटाबेसमध्ये चालणाऱ्या लुआ स्क्रिप्ट छोट्याच असतात ना? तिथे ग्लोबल बनवायला गेलात की एरर येऊन स्क्रिप्ट थांबते.

रात्रपाळी: तिथे लावतोच. बरं, दुसरी फाइल आली की इथेही लावेन. पण दोनशेच्या वर लोकल झाले की कंपायलर, म्हणजे कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम, अडवतो, तेव्हा काय कराल?

घाटकोपरकर: ती मर्यादा एका फंक्शनपुरती आहे. फंक्शनं एका लोकल टेबलात घाला, शेवटी ते टेबल रिटर्न करा. आमच्या ‘रीसेट’चं शेवटी तेच केलं.