शटडाऊनमधील ताण जोखीम-नोंदवहीत कसा आणावा?

प्रश्न (पाळीप्रमुख, तेलशुद्धीकरण प्रकल्प)

शटडाऊन (देखभाल-दुरुस्तीसाठी युनिट बंद ठेवण्याचा काळ) लागल्यापासून आमच्याकडे बारा तासांच्या पाळ्या सुरू आहेत आणि माझ्या माणसांना तीन आठवड्यांत एकही साप्ताहिक सुट्टी मिळालेली नाही. परवा पहाटे चारच्या सुमारास माझ्या लक्षात आले की नियंत्रण कक्षातून युनिटवर लक्ष ठेवणारा आमचा सर्वांत अनुभवी पॅनेल ऑपरेटर अलार्म वाजताच तो न वाचता ॲकनॉलेज करत आहे, म्हणजे 'पाहिला' असे बटण दाबून मोकळा होत आहे. हाक मारल्यावर तो दचकला आणि "कोणता अलार्म?" असे त्याने मलाच विचारले. मी हे वर कळवल्यावर ताणतणावावर एक तासाचे व्याख्यान ठेवण्यात आले, तेही रात्रपाळीवाल्यांच्या झोपेच्या वेळी. वायुगळतीचा धोका आपण नोंदवहीत लिहितो आणि त्यावर उपाय ठरवतो. मग थकवा, अपुरे मनुष्यबळ आणि सततची धास्ती यांबाबत तसे का करू नये? कोणी केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (सुरक्षा अधिकारी)

तसे करता येते आणि करायलाच हवे. आयएसओ ४५००३ हे २०२१ मधील मार्गदर्शक मानक मनोसामाजिक जोखमींना, म्हणजे कामाच्या रचनेमुळे मनावर येणाऱ्या ताणाच्या धोक्यांना, सुरक्षा व्यवस्थापनाच्या त्याच चौकटीत आणते, जिच्यात आपण आग आणि स्फोट यांचा विचार करतो. नोंद करताना "ऑपरेटर तणावाखाली आहे" असे मात्र लिहू नका. "सलग २१ दिवस बारा तासांची पाळी, बदली माणूस नाही" असे लिहा, म्हणजे उपाय माणसावर न शोधता वेळापत्रकात शोधावा लागतो.

व्यवस्थापनाला पटवण्यासाठी अमेरिकेतील टेक्सास सिटीचे उदाहरण द्या. २३ मार्च २००५ रोजी तेथील शुद्धीकरण कारखान्यात युनिट सुरू करताना ऊर्ध्वपातनाचा मनोरा द्रवाने प्रमाणाबाहेर भरला, स्फोट झाला, १५ जण मृत्युमुखी पडले आणि १८० जखमी झाले. चौकशीत दिसले की काही ऑपरेटर सलग २९ किंवा त्याहून अधिक दिवस बारा तासांच्या पाळ्या करत होते, एकाच पॅनेल ऑपरेटरवर तीन युनिटांचा भार होता आणि रात्रपाळीने दिवसपाळीसाठी लॉगबुकात जेमतेम एक ओळ लिहून ठेवली होती. त्यानंतर, २०१० मध्ये, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने थकव्याच्या जोखमीसाठी आरपी ७५५ ही स्वतंत्र शिफारस काढली. ती आपल्या अर्जासोबत जोडा.

उत्तर २ (निवृत्त तंत्रज्ञ, समुद्रातील प्लॅटफॉर्म)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण नोंदवहीत उतरण्याआधी ही गोष्ट कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडावी लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. प्लॅटफॉर्मवर असताना धुक्यामुळे हेलिकॉप्टर आले नाही की रिलीव्हर (बदली माणूस) येत नसे. बॅग भरून बसलेला माणूस पुन्हा ओव्हरऑल चढवून कामावर जाई. शरीराने तो तिथे असे, पण मनाने घरी पोहोचलेला असे. त्या जादा दिवसांत अवघड परमिटची (लेखी परवानगी लागणारी धोक्याची) कामे त्याला द्यायची नाहीत, असा नियम आमच्या पाळीप्रमुखांनी स्वतःहून केला होता आणि तो आम्हाला फार मोलाचा वाटे. कंत्राटी कामगारांना विसरू नका. "मी थकलो आहे" असे म्हटल्यास पुढच्या शटडाऊनला बोलावणे येणार नाही, ही भीती त्यांना गप्प ठेवते, म्हणून त्यांचे तास गेटच्या नोंदींवरून मोजा.

उत्तर ३ (औद्योगिक आरोग्य वैद्य)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला (कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याला) आजार न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटले, हे आपल्या मुद्द्याला पूरकच आहे. तरीही समुपदेशन निरुपयोगी समजू नये. ज्याची झोप पूर्ण उडाली आहे किंवा जो जगणे नको असे बोलू लागला आहे, त्याला वेळापत्रक बदलेपर्यंत वाट पाहायला लावता येत नाही. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि तेथे झालेले बोलणे वरिष्ठांपर्यंत जाणार नाही याची खात्री त्याला द्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. त्या ऑपरेटरला दोन रात्रींची रजा मिळवून दिली आहे आणि त्याच्या जागी मी स्वतः न बसता दुसऱ्या युनिटचा माणूस मागवला आहे, कारण माझेही तेवढेच दिवस झाले आहेत. पाळीबदलाच्या वेळी दोन्ही ऑपरेटरांनी पंधरा मिनिटे पॅनेलसमोर एकत्र बसावे, असे आजपासून ठरवले आहे. गेटच्या नोंदी उद्या मागवतो.