चेन जिनिंग: कुलगुरूच्या खुर्चीतून थेट सत्तेत

सह्यकडा: चीनच्या राजकारणात शी जिनपिंग सोडून कुणाचं नाव आपल्याकडे निघत नाही, म्हणून हा धागा. चेन जिनिंग हे पर्यावरण अभियंता. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून पीएचडी, १९९८ ला मायदेशी परत, २०१२ ला त्सिंगहुआ विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरूच. २०१५ ला पर्यावरणमंत्री, मग बीजिंगचे महापौर, २०२२ ला शांघायचे पक्षसचिव (कम्युनिस्ट पक्षाचे शहरातले प्रमुख, महापौराच्याही वरचे) आणि पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांच्या मंडळात. बीजिंगच्या हवेतलं पीएम २.५ चं, म्हणजे फुफ्फुसात जाणाऱ्या अतिसूक्ष्म धुळीचं वार्षिक सरासरी प्रमाण २०१३ ला घनमीटरमागे ८९.५ मायक्रोग्रॅम होतं, २०२१ ला ३३ वर आलं. विषय कळणारा माणूस खुर्चीत बसला की काय होतं ते बघा!

उंबरठा: 'कुलगुरू' म्हटलं की गल्लत होते. त्सिंगहुआचा अध्यक्ष उपमंत्र्याच्या दर्जाचा असतो, त्याला नेमतो पक्ष. त्याच विद्यापीठाचे पक्षसचिव राहिलेले चेन शी, शी जिनपिंग यांचे वर्गमित्र, पुढे पक्षाच्या संघटन विभागाचे, म्हणजे वरच्या नेमणुका बघणाऱ्या खात्याचे प्रमुख झाले. प्राध्यापक राजकारणात गेला असं यात काही नाही, माणूस शिडीची पुढची पायरी चढला इतकंच.

सह्यकडा: पायरी असेल, पण वागणूक बघा ना. मंत्री झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पत्रकार चाय जिंग यांचा धुरक्यावरचा माहितीपट आला. आपल्याच खात्याच्या अपयशावर बोट ठेवणारा, तरी चेननी पत्रकारांसमोर त्याचं कौतुक केलं.

उंबरठा: आणि आठवड्याभरात तो चिनी संकेतस्थळांवरून गायब! मंत्र्याने वाखाणलेली गोष्ट मंत्र्यालाच वाचवता आली नाही. मग त्याच्या ज्ञानाला किंमत किती?

रानवाट: मला हवेच्या आकड्यांपेक्षा छुयांगची पोरं आठवतात. हबेई प्रांतातला तालुका. २०१७ च्या हिवाळ्यात हवा सुधारायची म्हणून शाळा गरम ठेवणारा कोळसा बंद केला, नवीन हीटर अजून सुरू झालेले नव्हते. वर्गात गारठा, म्हणून पोरं अंगणात उन्हात बाकं मांडून अभ्यास करत होती. तेव्हा चेन मंत्रिपदावर नव्हते हे खरं, पण कोळसा हटवण्याचा तो आराखडा त्यांच्याच काळात निघाला होता.

आणि त्याच नोव्हेंबरात बीजिंगच्या दाशिंगमध्ये आग लागून १९ माणसं गेली. त्यानंतर शहराने काय केलं? बाहेरून आलेल्या मजुरांना ऐन थंडीत खोल्यांतून बाहेर काढलं. तेव्हा महापौरपदाचा कार्यभार चेन यांच्याकडेच होता. वरचा शब्द पक्षसचिव साय छी यांचा, मान्य. पण चेननी विरोधात ब्र काढल्याचं मी कुठेच वाचलं नाही.

सह्यकडा: दाशिंगचं समर्थन मी करणार नाही, ते वाईटच झालं. पण ८९.५ वरून ३३, हे त्याने खोटं ठरत नाही. ती हवा त्या मजुरांच्या पोरांनीही घेतली.

उंबरठा: जी पोरं बीजिंगमध्ये राहू शकली, त्यांनी. आणि हिशोब नीट मांडा. हवेचा राष्ट्रीय आराखडा सप्टेंबर २०१३ चा, चेन मंत्री होण्याआधीचा. ते बीजिंगला आले त्या वर्षाअखेर आकडा ५८ वर आलेलाच होता.