वहीतलं बेट आणि मांडवीतलं बेट

चित्रकलेच्या वहीत सगळ्यांचं बेट एकच असतं: वाकलेला एक माड, पिवळी वाळू, खडू झिजेपर्यंत भरलेलं निळं पाणी. गोव्यातलं बेट बघायला निघालेल्याने त्या चित्रात काय खोडावं, काय भरावं? बेटांची माहिती असणाऱ्यांनी लिहावं. प्रवासवर्णन नको, उपयोगी पडेल तेवढंच.

चोडणहून
आधी वाळू खोडा. मांडवी नदीतल्या बेटांना काठ आहे तो चिखलाचा आणि कांदळवनाचा. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. तिथे घड्याळ बघून जाऊ नका, भरती बघून जा. आतल्या खाड्या उथळ, त्यामुळे ओहोटी लागल्यावर शिरलेली होडी चिखलात बसते आणि पुढची भरती येईपर्यंत हलत नाही. पक्षी मात्र चिखल उघडा पडल्यावरच खायला उतरतात. म्हणून भरती चढू लागली की आत शिरायचं. काठ अजून उघडे असतात, बगळे आणि खंड्या तिथेच सापडतात, आणि परतायलाही पाणी मिळतं.
चपला नकोत, चिखल त्या ओढून घेतो. घट्ट नाडीचे जुने बूट घाला. तिवराची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात, त्यांच्यावर पाय देऊ नका. चिखलावर उड्या मारणारा मासा दिसला तर ती निवटी. हिला वहीत कोणी काढत नाही, हे नवलच.

दिवाडीहून
बेटावर पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे, तिन्हीकडून फेरीबोट. शेवटची बोट किती वाजता सुटते ते येतानाच धक्क्यावर विचारून ठेवा.
आता हिरव्या रंगाबद्दल. पावसाळ्यात इथली शेतं बघून माणसं स्वर्ग म्हणतात, पण ही खाजन शेतं, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली. खाजन शेत उधाणाच्या पाण्याच्या पातळीखाली असतं. खारं पाणी बाहेर ठेवतो तो बांध, आणि बांधातलं दार म्हणजे मानस. मानशीची लाकडी झडप पाण्याच्या दाबावर चालते: भरती बाहेरून ढकलते तेव्हा ती मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला उघडतं. फळ्यांत फट पडली किंवा कुर्ल्यांनी बांध पोखरला की आधी पाणी नुसतं पाझरतं. ते वेळेवर बुजवलं नाही तर उधाणाला खांड पडते आणि मीठ जमिनीत मुरतं. थोडा खारेपणा कोरगुट या इथल्या भाताला चालतो, सगळा नाही. म्हणून बांधावरून चालताना कडेची ढेकळं पाडू नका, आणि फोटोसाठी मानशीच्या फळ्यांवर उभे राहू नका. कांदळ बांधाला लाटांचा मार लागू देत नाही, त्याची फांदीही मोडायची नाही.

वास्कोहून
निळा खडू बहुतेक पेटीतच राहील. मांडवी आणि जुवारी जांभ्याच्या मुलखातला गाळ समुद्रात आणतात. पांढरी वाळू आणि काचेसारखं पाणी प्रवाळबेटांवर मिळतं, म्हणजे लक्षद्वीपला. तिथे परवाना लागतो. इथल्या समुद्रातल्या ग्रांदे बेटाजवळ पाण्याखाली काही मीटर दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. पावसाळ्यात तो नाद नको.
बुडी मारणार असाल तर पहिल्या मीटरपासून कान मोकळे करत खाली जा: नाक दाबून हळू फुंकर. दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नाही, आधी थोडं वर या. सर्दी असेल त्या दिवशी बुडी नको. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं, नाकाखालची मिशी कातरली की बराच फरक पडतो. उलटीची गोळी होडीत बसण्याआधी घ्यायची असते, मळमळू लागल्यावर नव्हे. घरी जाणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे सकाळी बुडी, संध्याकाळी विमान. एकच बुडी असेल तर १२ तास, जास्त असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबाला बुडबुडे धरतो.
झार (जेलीफिश) डसला तर समुद्राचंच पाणी ओता, गोडं नको. पाकट माशाचा काटा लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठा.

कुंभारजुव्याहून
माड वाकलेलाच ठेवा, उजेडाकडे आणि पाण्याकडे तो झुकतोच. त्याच्याखाली झोपलेला माणूस तेवढा खोडा. बागेत पाडेली (नारळ पाडणारा) चढलेला असेल तर झाडापासून लांब उभे राहा. आणि इथल्या कालव्यात मगरी आहेत, खऱ्या. पाय पाण्यात सोडून बसायचं नाही.

चोडणहून, पुन्हा
भरतीचा हिशेब राहिला होता. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजा. हा ठोकताळा आहे, तासभर मागेपुढे धरा. नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. मांडवीला पूर असेल तर हे गणित सोडून द्या.