आयपी मिळत नसेल तर आधी स्विच तपासा

पीएक्सई बूटला, म्हणजे मशीन नेटवर्कवरून सुरू करताना, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही म्हणजे तो पत्ता वाटणारा डीएचसीपी सर्व्हरच बिघडलाय, असं मत एका चर्चेत मांडलंय, ते मला पटत नाही. त्याच केबलवर चालू लॅपटॉपला आयपी मिळतो, असंही त्याच चर्चेत लिहिलंय. मग आधी स्विच (नेटवर्कच्या केबल जिथे जोडतात ती पेटी) बघा. त्यात स्पॅनिंग ट्री (डेटा नेटवर्कमध्ये गोल फिरत राहू नये, म्हणजे लूप होऊ नये, म्हणून असलेली सोय) चालू असेल तर लिंक जोडल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, पुढचे १५ सेकंद शिकतो आणि मगच डेटा पुढे सोडतो. काही मशीनचं फर्मवेअर (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) तेवढा वेळ थांबतच नाही. आमच्या लॅबमध्ये मी दोन दिवस सर्व्हरचे लॉग चाळत बसलो होतो. आयपीची विनंती तिथवर पोचतच नव्हती! शेवटी पोर्टचा नारिंगी दिवा हिरवा व्हायच्या आत स्क्रीनवर टाइमआउट येतो, हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा उलगडा झाला.

खात्री करायला मध्ये एक साधा अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेला, स्पॅनिंग ट्री न चालवणारा) स्विच लावा. मशीन रीस्टार्ट झालं तरी मुख्य स्विचची लिंक तुटत नाही, आणि बूट लगेच होतं. कायमचा उपाय म्हणजे त्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न पाहता पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग. मात्र स्विच-ते-स्विच जोडणीवर ते अजिबात लावू नका, लूप होऊन सगळं नेटवर्क बसू शकतं. आणि इन्स्टॉलर (ऑपरेटिंग सिस्टीम बसवणारा प्रोग्राम) सुरू होताना लिंक पुन्हा तुटून जोडली जाते, त्यामुळे पोर्टफास्ट नसेल तर पहिला टप्पा पार झाला तरी हाच घोळ तिथे परत होऊ शकतो.