लाओस-व्हिएतनाममध्ये काहीच न घडणारे दिवस कसे काढायचे?

कापूसकाठ (दारव्हा)
तूर घरात आली की फेब्रुवारीत दीड महिना लाओस आणि व्हिएतनामला जायचं आहे. एकट्यानं, पाठीवर एक सॅक. व्हिसा-तिकिटांचं वाचून झालं, अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. इथं रोज काही ना काही असतं: ओलित, फवारणी, वेचणी. तिकडे लाओसमधल्या लुआंग प्रबांगसारख्या गावात पाहण्यासारखं ते दोन दिवसांत आटोपतं म्हणतात. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी करायचं काय? दर दोन दिवसांनी गाव बदललं तर बसभाड्यातच पैसे जातील. खोलीत मोबाइल घेऊन लोळायला एवढ्या दूर जायचं नाही. लांब मुक्कामाची माहिती असणाऱ्यांनी नेमकं सांगा. शाकाहारी आहे.

मेळघाटी_पायवाट
भाऊ, दिवस खायला उठतो तो त्यात एकही ठरलेली वेळ नसली की. सकाळी सहा ते नऊ बाहेर, बारा ते तीन सावलीत, पाचला पुन्हा बाहेर, एवढं बांधून घ्या. दुपारी तिकडची माणसंही पडी टाकतात. तेव्हा उन्हात फिरून गाव मेलेलं आहे असं ठरवू नका.

लुआंग प्रबांगचंच घ्या. नाम खान नदीवर पावसाळ्यानंतर दरवर्षी नव्यानं बांबूचा पूल बांधतात, थोडा टोल घेतात. फेब्रुवारीत तो असतो. पलीकडे सायकलनं बान सांग खोंग गाठा. तिथं हातमाग आहेत आणि तुतीच्या जातीतल्या झाडाच्या सालीपासून कागद करतात. लगदा पाण्यात सोडतात, हातानं जाळीच्या चौकटीवर सारखा पसरतात आणि चौकटीसकट उन्हात उभा करतात. कापूस पिकवणाऱ्या माणसाचा मागापाशी अर्धा दिवस सहज जातो. याच दिवसांत नदीतलं शेवाळ धुऊन, पातळ थापून, वर तीळ-लसूण-टोमॅटो लावून पापडासारखं वाळत घातलेलं दिसेल. त्याला काइपेन म्हणतात. पाणी उतरलेल्या काठावर भाजीचे वाफे असतात, तेही बघा.

संध्याकाळसाठी 'बिग ब्रदर माउस'. तिथं लाओ मुलं प्रवाशांशी इंग्रजी बोलायचा सराव करतात. फी नाही, नाव नोंदवावं लागत नाही, वेळ दारावर पाहून घ्या. आपली इंग्रजी तोडकीमोडकी असली तरी भागतं, उलट ती मुलं कमी लाजतात. गल्लीत पेताँक चालू दिसला तर थांबा. लोखंडी गोळा छोट्या लाकडी गोळीच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचा, बास. बोलावतातच.

खोलीचं: पाच रात्रींचा भाव विचारा, पण पैसे दोनच रात्रींचे द्या. शेजारी बांधकाम किंवा कराओके निघालं तर उठता येतं.

आणि उत्तर लाओस आधी उरका. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरात शेतं जाळतात, धुरानं समोरचा डोंगर दिसत नाही, घसा धरतो. तेव्हा बाहेर पडायचा मूड जातो आणि माणूस कंटाळ्याला दोष देतो.

चुलीवरचा_ठेचा
दादा, पह्यले जेवनाचं पाहा. पोट भरलं नाही की सारं गाव बेकार वाटते.

व्हिएतनामात 'कोम चाय' पाटीचं हॉटेल शोधा, तिथं मांस-मासळी नसते. त्यांच्या चांद्रमासाच्या 1 अन् 15 तारखेले बरेच बौद्ध लोक चाय म्हणजे शाकाहारीच खातात. म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. कालनिर्णयचा फोटो मोबाइलात ठेवा. लाओसात भाजीतही माशाचं पानी पडते, म्हणून 'बो साय नाम पा, बो साय पादेक' (माशाचं पानी नको, आंबवलेली मासळी नको) हे पाठ करा.

सोबत जवसाची चटणी न्या, दुहेरी पिशवीत. गेस्टहाउसात किटली असते: पातळ पोहे दोन मुठी, मीठ, बुडेल इतकंच गरम पानी, दोन मिनिटं झाकन. वरून चटणी.

धुनं रिकाम्या दिवशीच काढा, सकाळी नऊच्या आत. पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून वरून पाय द्या, अर्धं पानी निघते. जीन्स नेऊच नका, दमट हवेत दोन दिवस वाळत नाही.

थर्मामीटर
दोन गोष्टी कंटाळ्यात मोजू नका. रात्रीच्या बसनंतरचा दिवस झोपेचाच. लुआंग प्रबांग ते हनोई बस जवळपास चोवीस तासांची आहे. गळून गेल्यासारखं वाटत असेल तर आधी पाणी: एक लिटरमध्ये चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ.

दुसरी गोष्ट डेंग्यू. अंगदुखी, डोळ्यांमागं दुखणं आणि ताप असेल तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक नको, रक्तस्राव वाढतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 (डेंग्यूची रक्ततपासणी) आणि प्लेटलेट तपासा. ताप उतरल्यावर पोट दुखलं, उलट्या लागल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच दवाखाना. हा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा. लाओसमध्ये गंभीर रुग्णाला बऱ्याचदा थायलंडला हलवतात. विम्यात तो खर्च धरलाय का पाहा.

कापूसकाठ (दारव्हा)
सगळ्यांचे आभार. हुआय साय ते लुआंग प्रबांग बोट दोन दिवसांची आहे. ती घ्यावी का? नुसतं बसून?

मेळघाटी_पायवाट
घ्या, पण लवकर जाऊन पुढची जागा धरा. मागं इंजिनाचा आवाज डोकं उठवतो. उशी, शिदोरी, नगद सोबत ठेवा. मधे बराच वेळ नेटवर्क नसतं, म्हणून ऑफलाइन नकाशा आणि भाषांतराचा पॅक आधीच उतरवा. वाटेत बोट थांबते त्या पाकबेंग गावी एकच रात्र.

सोमवार_बंद
वरच्या सल्ल्याला थोडा विरोध. पाच मुक्काम सगळीकडे लावू नका. दुसऱ्या सकाळी परत त्याच रस्त्यानं चालावंसं वाटलं नाही तर उठा, त्यात हरल्यासारखं काही नाही. हनोईत सोमवार मोकळा ठेवू नका, त्या दिवशी एथ्नॉलॉजी म्युझियम बंद असतं. टेट (व्हिएतनामी नववर्ष) 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान येतो. त्या आठवड्यात दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या, म्हणून तारीख पाहूनच सीमा ओलांडा. घरी फोन करताना तिकडचं घड्याळ दीड तास पुढं असतं. इकडे रात्री आठ म्हणजे तिकडे साडेनऊ.