डोंगरी गोवा नक्की कुठून सुरू होतो? रेषा मारायचीय, भांडलात तरी चालेल

गांजेकार

आमच्या मंडळाचं डिसेंबरात मुलांचं निसर्ग शिबिर असतं, दोन रात्री तंबूत. यंदा कुणीतरी हौसेने जाहिरातीत टाकलं "डोंगरी भागातल्या मुलांना फी माफ" आणि आता फॉर्म बघतोय तर सुर्ला, चरावणे, नेत्रावळी ठीक, पण होंडा, साखळी, उसगाव, आणि एक तर चक्क कुर्टीचा, खाली पालकांनी पेनाने लिहिलंय "आमच्या घरामागे डोंगर आहे". असेल हो, पण गोव्यात कुणाच्या घरामागे नाही?

तर रेषा मारावीच लागणार. माझं मत आधीच सांगून टाकतो. तालुका सोडा, उंची सोडा, पाणी बघा. मांडवीत भरतीचं पाणी आत आमच्या गांजे गावापर्यंत येतं, झुआरीत सावर्डे-सांग्याच्या बाजूला. जिथवर नदी दिवसातून दोनदा उलटी फिरते तिथवर खालचा गोवा, त्याच्या वर डोंगरी. इतकी वर्षं खनिजाच्या बार्जी चालल्या, त्या काय सत्तरीत वर चढल्या का? कुडचडे-सावर्ड्याच्या वर एक तरी बार्ज गेलेली दाखवा. कारण तिथून पुढे नदी बार्जीची राहतच नाही, खडकाळ होते. एप्रिलात म्हादईच्या (मांडवीचंच वरचं नाव) पात्रात उतरून बघा, वरच्या अंगाला गुडघाभर पाणी, तळातला गोटा न् गोटा दिसतो, आणि चार वळणं खाली आलात की तीच नदी गढूळ, संथ, काठाला चिखल. साखळीवाल्यांनी रागावू नये, पण वाळवंटी नदीला पूर आला आणि समुद्राला भरती असली की तुमच्या बाजारातलं पाणी उतरत नाही हे तुम्हीच सांगता, म्हणजे तुम्ही खालचे.

वाळपयकार

एवढं ताणायची गरज काय कळत नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण. चार तालुके, विषय संपला. केंद्राचा पश्चिम घाट विकास कार्यक्रम होता त्यात गोव्याचे तीनच तालुके घेतलेले, सत्तरी, सांगे, काणकोण (धारबांदोडा तेव्हा सांग्यातच होता), तेव्हा कुणी भरती-ओहोटी मोजत बसलं नव्हतं. तुमच्या तंबूला केंद्र सरकारपेक्षा बारीक चाळण लागते का? रहिवासी दाखल्यावर तालुका छापलेला असतो, बघायचा, शिक्का मारायचा. आणि तुमच्याच नियमाने बघा, होंड्याला कुठे भरती येते? मग तोही डोंगरी झाला ना.

गांजेकार

होंडा तुमच्या नियमानेही आत येतो मास्तर, सत्तरी तालुकाच आहे तो. इंडस्ट्रियल इस्टेट, ट्रकांची रांग, सपाट रस्ता, आणि म्हणे डोंगरी. तुमची चाळण माझ्यापेक्षा बारीक कुठे झाली? तालुक्याचं तर बोलूच नका. फोंडा २०१५ च्या जानेवारीपर्यंत उत्तर गोवा जिल्ह्यात होता, मग दक्षिणेत गेला, एक दगड तरी इकडचा तिकडे झाला का? धारबांदोड्याचं तेच, काल सांगे, आज स्वतंत्र. कचेरीच्या सोयीने हलणाऱ्या रेषेवर मुलांची फी ठरवायची?

काणकोणची बाय

भरतीवाले बाब, तुम्ही मांडवीच्या काठी बसून आख्ख्या गोव्याचा नियम करताय. एकदा काणकोणला या. मडगावहून येताना करमल घाट उतरलात की एका बाजूला डोंगर आणि बघता बघता समुद्र. आमच्या तळपण, गालजीबाग नद्या इतक्या आखूड की डोंगरातून निघाल्या आणि लगेच खाडी झाल्या. तुमच्या रेषेने तळपणला जाळं टाकणारा "खालचा" आणि थोडं आत गेलं की गावडोंगरीचा कुळागरवाला (पोफळीच्या बागेचा मालक) "डोंगरी", बरं, पण घाटात दरड आली की दोघेही सारखेच अडकतात त्याचं काय? पावसात मोठ्या दवाखान्यात जायचं तर त्या मच्छीमारालाही तोच घाट चढावा लागतो. माझं माहेर खोतीगावात, तिकडून आत जंगलातल्या कुस्क्याला जाऊन बघा मग बोला. अभयारण्य आहे ८६ चौरस किलोमीटरचं आणि त्याचं गेट हायवेपासून हाकेवर.

सडेफिरस्ता

इथे सगळे आपापल्या ओसरीवरून बोलतायत. हाच प्रश्न तुमच्या मंडळाच्या आधी दोन मोठ्या समित्यांना पडला होता आणि त्यांचंही जमलं नाही. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाची पश्चिमेकडची कड १५० मीटरच्या वरचं जंगल आणि पूर्वेकडची ५०० मीटरच्या वरचं जंगल अशी धरली, क्षेत्र भरलं १,२९,०३७ चौरस किलोमीटर. दोन वर्षांनी कस्तुरीरंगन समितीने त्या विकास कार्यक्रमाचे तालुके धरून तेच क्षेत्र १,६४,२८० केलं. फरक पस्तीस हजारांचा, आणि आपला गोवा आख्खा ३,७०२. म्हणजे दोन सरकारी नकाशांच्या मधल्या फटीत नऊ गोवे बसतात आणि वर जागा उरते!

माझं मत विचाराल तर गाडगीळांची रेषा बरी. तालुका माणसाने पाडलेला, पण उंची आणि झाडी जमिनीवर जाऊन बघता येते, जीपीएस घेऊन कुणीही उभा राहू शकतो. दीडशे मीटर, वर जंगल, तो डोंगरी. बाकीच्यांनी पाचशे रुपये भरा.

वाळपयकार

दीडशे मीटर? म्हणजे आमची वाळपई गेली की खाली! सत्तरीतली निम्मी वस्ती दरीत आहे महाराज, माणूस पाण्याकाठी राहतो, शेंड्यावर राहत नाही. तुमच्या नियमाने डोंगरात फक्त गवे आणि माकडं राहणार. त्यांच्या मुलांना फी माफ करा.

पारोड्याचा पोर

😂 आणि आमचा चंद्रनाथ? साडेतीनशे मीटरच्या आसपास, वर देऊळ, चहूबाजूंनी दाट झाडी. मडगावहून स्कूटरने अर्ध्या तासात पायथ्याशी. १५० च्या वर आणि जंगल, दोन्ही अटी पास. फॉर्म कुठे मिळतो?

सडेफिरस्ता

एकट्या टेकडीला सह्याद्री कुणी म्हणत नाही, सलग पाहिजे. उगाच फाटे फोडू नका.

पारोड्याचा पोर

"सलग" ही अट आत्ता आली हां, वर नव्हती.

खाणकाठचा

उंची मोजताय ती कुठल्या सालातली? मी पिसुर्ल्याचा. शाळेत होतो तेव्हा आमच्या वाड्याच्या मागे टेकडी होती, काजू होते, मेमध्ये बोंडं पिळून झाली की वास आठवडाभर जात नसे. आता तिथे खड्डा आहे, खड्ड्यात हिरवट निळं पाणी, किती खोल कुणाला माहीत नाही. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लिजा रद्द केल्या, टेकडी काय परत आली नाही. आणि उलटी गंमत अशी की त्या टेकडीची माती जिथे टाकली तो डंप आता मूळ टेकडीएवढा झालाय, वर आकेशिया लावलेत, ते फोफावलेत, लांबून येणारा पाहुणा म्हणतो वा काय जंगल आहे. जीपीएसवाले, तो डंप आत की बाहेर? आणि ज्या वाड्यामागचा डोंगर उचलून बार्जीतून चीनला गेला त्या वाड्यातला मुलगा डोंगरी की नाही?

मला विचाराल तर तोच पहिला डोंगरी.

सडेफिरस्ता

हे भावनिक झालं. शिबिराची फी नुकसानभरपाई नव्हे.

खाणकाठचा

मग माफी कशाची देताय? डोंगर सुंदर दिसतो म्हणून?

सासरवाडी सत्तरी

मी मूळची म्हापशाची, लग्न होऊन सत्तरीत आले, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकते. इथे कुणी न काढलेली गोष्ट सांगते. कस्तुरीरंगन समितीच्या इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे खाणी-बांधकामांवर बंधनं येणाऱ्या गावांच्या यादीत गोव्याची ९९ गावं टाकली होती ना, सत्तरीची ५६, सांग्याची ३८, काणकोणची ५, १,४६१ चौरस किलोमीटर. नियम असा की गावाचा वीस टक्के भाग त्यांच्या नैसर्गिक क्षेत्रात मोडला की आख्खं गाव आत. तेव्हा आमच्या गावात सभा झाली तर मंडपात बसायला जागा नव्हती, आणि सगळे एका सुरात, आमचं गाव डोंगरी नाहीच, शेती आहे, बागायत आहे, रस्ता आहे, आम्हाला काढा. आमच्या मामंजींनी तर उठून सांगितलं की गावात जंगल शिल्लकच नाही! घरी येऊन त्याच मामंजींनी डुकरांनी सुरण उकरले म्हणून वनखात्याला शिव्या घातल्या.

तीच माणसं उद्या तुमच्या फॉर्मवर "डोंगरी भाग" लिहून सही करतील, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या आल्वारा, मोकासोच्या जमिनी, पिढ्यानपिढ्या कसतायत आणि कागदावर नाव नाही, अशा माणसाला वरून कुणी रेषा मारली की पहिला प्रश्न पडणारच की ही द्यायला मारली की घ्यायला. तुमचं पाणी, उंची, तालुका राहू द्या बाजूला, आधी ते लिहा फॉर्मवर.

गांजेकार

वहिनी, फॉर्मवर लिहिलंय की, फी माफ. देण्याचीच रेषा आहे. पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे गेलं तर माफी म्हटल्यावर पणजीसुद्धा डोंगरी होईल, आल्तिन्याचा चढ दाखवतील. प्रत्येकाला विचारून रेषा होत नाही, कुठेतरी बाहेरची खूण लागतेच, आणि भरती कुणाच्या सभेला येत नाही की अर्ज करत नाही.

दोडामार्गकर

सगळे गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवी-केरीच्या चेकनाक्यावर येऊन थांबलात. आमचं महाराष्ट्रातलं विर्डी, मांगेली कुठे गेलं? विर्डीत ढग फुटला की साखळीवाले दुकानातलं सामान माळ्यावर चढवतात, पाणी तेच, डोंगर तोच, फक्त एसटी लाल. म्हादई तरी गोव्याची कुठे, खानापूर तालुक्यात देगावला उगम. चोर्ला घाट चोर्ला घाट म्हणता ते चोर्ला गावही कर्नाटकात. रणमाले हे लोकनाट्य सत्तरीत होतं, तसं सीमेपलीकडच्या गावांतही होतं. २०१८ मध्ये म्हादई लवादाने पाणी तीन राज्यांत वाटलं, म्हणजे कोर्टाच्या लेखी तरी खोरं एकच. तेव्हा "डोंगरी गोवा" ही वस्तूच नाही, डोंगर आहे आणि त्याच्यावरून तीन सरकारांच्या तारा गेल्यात. आमच्या पोरांचे फॉर्म घेता का सांगा.

वाळपयकार

मंडळाची नोंदणी गोव्यातली आहे भाऊ, ऑडिट असतं.

दोडामार्गकर

बघा, शेवटी तालुक्याची कचेरीच जिंकली. गांजेकारांच्या भरतीला ऑडिटर विचारत नाही.

सुर्लेकार

आत्ता रेंज आली म्हणून लिहितो. वर आमच्या गावाचं नाव "सुर्ला ठीक" एवढ्यावर उरकलंय, आभार. आम्ही चोर्ला घाटाच्या डोक्यावर, कर्नाटकातलं कणकुंबी आम्हाला वाळपईपेक्षा जवळ. शनिवार-रविवारी बेळगावच्या गाड्या आमच्या बारांसमोर लागतात, सोमवारी बाटल्या आम्ही गोळा करतो. खाली गेलो तर "घाटी", बेळगावात गेलो तर "गोंयकार". तेव्हा रेषा कुठेही मारा, आम्ही कुणाच्यातरी बाहेरच.

माझा नियम साधा आहे. संध्याकाळची शेवटची बस चुकली तर घरी कसा जाणार, याचा विचार ज्याला दुपारीच सुरू करावा लागतो तो डोंगरी. वाळपईच्या बसस्टँडवर पाचनंतर उभे राहा, कोण घड्याळ बघतोय आणि कोण भजी खातोय त्यावरून कळेल. घड्याळवाल्यांची फी माफ करा. होंड्याचा मुलगा भजी खाणार, कुर्टीचा तर येणारच नाही, कुस्क्याचा घड्याळ बघणार, तळपणचा मच्छीमार पण घाटाकडे बघणार.

काणकोणची बाय

हे पटलं. पिसुर्ल्याच्या भावाचं काय?

खाणकाठचा

आम्हाला बस आहे. टेकडी नाही.

सडेफिरस्ता

बसचं टाइमटेबल दर वर्षी बदलतं. तालुक्यापेक्षाही कच्ची रेषा. उद्या एक मिनीबस सुरू झाली की नेत्रावळी किनारपट्टी होणार का?

सुर्लेकार

झाली तर होऊ द्या की. मिनीबस द्या, पेढे वाटतो, आम्हाला डोंगरी राहायची हौस नाही.

गांजेकार

रात्र झाली, फॉर्म छाननी उद्या सकाळी दहाला. मी भरतीवर ठाम आहे. काणकोण तालुका सगळा आत घेतो, तिथे नदीला नदी म्हणायला वेळच मिळत नाही हे मान्य. पिसुर्ले आत. साखळी, उसगाव, कुर्टी भरणार. होंड्याचं समितीत मत घेऊ. वरच्या गावांची बसची अडचण आहे तिथे मंडळ गाडी पाठवेल, पण तो नियम नव्हे, सोय आहे, गल्लत नको. दोडामार्गचे दोन-तीन फॉर्म माझ्या खिशातून भरतो, ऑडिटरने इथलं वाचू नये.

वाळपयकार

होंडा बाहेर काढलात तर लेखी कारण द्या. सत्तरी तालुका आहे तो.

सुर्लेकार

एक विचारायचं राहिलं. शिबिर आहे कुठे?

गांजेकार

चोर्ला घाटात, तुमच्याच बाजूला. रात्री बेडूक, सकाळी पक्षी.

सुर्लेकार

म्हणजे आमच्या पोरांना आमच्याच घरामागे तंबूत झोपवणार, ते पण फुकट. माझा मुलगा विचारतोय मिरामारला ठेवत नाही का, त्याला समुद्र बघायचाय, फी भरायला तयार आहे.